पोकळ कड्याची करामत

दोस्तांनो, दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली येतं! मोडकी परडी, दोनच चाकं उरलेली तीनचाकी सायकल, बाबांची जुनी प्रगतिपुस्तकं (ती बाबा लगेच काढून घेतात, बरं का!) आणि एखाद्या घरी कातडी पिशवीतला एक जड, काळाकुट्ट कॅमेरा. आजोबा म्हणतात, "रशियन आहे, झेनिट. तुझ्या बाबाच्या मुंजीचे फोटो ह्यानंच काढले." आई म्हणते, "आता ह्याचा रोल कोण आणतंय? भंगारात देऊन टाका."

आईचंही अगदीच चूक नाही. रोल अजून मिळतात, पण ते महाग झालेत आणि धुऊन देणारी दुकानं थोडी राहिलीत. तरीसुद्धा भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एक करा. त्या कॅमेऱ्याच्या तोंडावर जी काचेची जाडजूड नळी आहे, म्हणजे लेन्स, ती मुळाशी धरून डावीकडे फिरवून बघा. बाटलीच्या झाकणासारखी फिरत फिरत सुटून आली? मग ती तेवढी बाजूला काढून ठेवा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ही लेन्स आज दुकानात मिळणाऱ्या नव्याकोऱ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते आणि झकास फोटो काढते!

मध्ये लागतं फक्त एक कडं. त्याला अ‍ॅडाप्टर म्हणतात. गंमत म्हणजे ह्या कड्यात काच नसते, यंत्र नसतं, बॅटरी नसते. आरपार दोन बोटं घालावीत इतकं ते पोकळ असतं. मग ते करतं तरी काय?

अर्धं उत्तर तुमच्या घरातच टांगलेलं आहे. दिव्याचा बल्ब बघा. आपल्याकडचा नेहमीचा बल्ब दोन खिळ्यांचा असतो: होल्डरमध्ये दाबायचा, थोडा फिरवायचा, की अडकला. दुसऱ्या जातीच्या बल्बला आटे असतात, तो पिळत पिळत बसवायचा. आट्यांचा बल्ब खिळ्यांच्या होल्डरमध्ये बसत नाही, म्हणून दुकानदार मध्ये घालायला एक तुकडा देतो. त्याच्या एका टोकाला खिळे असतात, दुसऱ्या टोकाला आटे.

लेन्सचंही अगदी तसंच आहे. लेन्स कॅमेऱ्याला जिथं बसते त्या बैठकीला माउंट म्हणतात. झेनिटवर असते ती हेलिओस लेन्स आट्यांची. तिच्या माउंटचं नाव एम-४२, कारण आट्यांचा व्यास ४२ मिलिमीटर. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १९४९ साली तयार झालेल्या 'कॉन्टॅक्स एस' ह्या कॅमेऱ्यावर हे माउंट होतं. पुढं जपानच्या पेंटॅक्सनं, जर्मनीच्या प्राक्टिकानं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानं, म्हणजे आपल्या झेनिटवाल्यांनी, तेच आटे वापरले. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी मात्र आपापली वेगळी माउंट काढली. निकॉनचं वेगळं, कॅननचं वेगळं, मिनोल्टाचं वेगळं. ही माउंट बहुतेक खिळ्यांच्या बल्बासारखी, म्हणजे घाला, फिरवा, खटकन बसवा अशी. एकदा आमचा कॅमेरा घेतलात की लेन्सही आमचीच घ्या, असा त्यातला मतलब. व्यापार म्हटला की असं चालायचंच!

पण फक्त बसण्याचा प्रश्न असता तर हा लेख इथंच संपला असता. खरी मेख पुढं आहे. ती कळायला एक प्रयोग करा.

भिंतीवर उलटं झाड

घरातलं भिंग घ्या, तिकीट बघायचं किंवा आजीचं वाचायचं. दुपारी खोलीतले दिवे बंद करा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा आणि भिंग भिंतीजवळ धरून हळूहळू मागंपुढं करा. एका ठरावीक जागी भिंतीवर खिडकीबाहेरचं झाड उमटेल. रंगीत, हलतं आणि उलटं! (भिंग सूर्याकडे मात्र धरायचं नाही आणि भिंगातून किंवा लेन्समधून सूर्याकडे बघायचं तर मुळीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.)

आता भिंग आणि भिंत यांच्यामधलं अंतर पट्टीनं मोजा. भिंग थोडं पुढं केलं की झाड पुसट, थोडं मागं केलं की पुसट. दूरच्या वस्तूचं चित्र एकाच अंतरावर रेखीव येतं. मग हातभर लांब मेणबत्ती लावून तिची ज्योत भिंतीवर आणायचा प्रयत्न करा. भिंग भिंतीपासून आणखी लांब न्यावं लागेल. वस्तू जवळ आली की भिंग भिंतीपासून दूर सरकवायचं. लेन्सवरची फोकसची चकती फिरवल्यावर आत नेमकं हेच होतं. झेनिटची हेलिओस लेन्स ५८ मि.मी.ची आहे. एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस करताना तिची भिंगं जेमतेम साडेतीन मिलिमीटर पुढं येतात. एवढ्याशा सरकण्यात सारा खेळ!

म्हणजे लेन्स बनवणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं, की आपली लेन्स जिथं टेकणार ती कडा आणि फिल्म ह्यांच्यामध्ये किती अंतर आहे. ह्या अंतराला आपण कॅमेऱ्याची 'खोली' म्हणू या. (राहायची खोली नव्हे, विहिरीची असते तशी.) एम-४२ कॅमेऱ्याची खोली ४५.४६ मि.मी., जुन्या निकॉनची ४६.५, ऑलिंपस ओएमची ४६, मिनोल्टाची ४३.५, तर कॅनन एफडीची ४२. दशांशचिन्हापुढचे आकडे उगाच दिलेले नाहीत, ते किती महत्त्वाचे आहेत ते आता दिसेलच.

हे सगळे आकडे चाळिशीच्या आसपास का, ते बघा. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं तिरका आरसा असे. लेन्समधून आलेलं चित्र आरशावर आपटून वर जाई आणि वरच्या काचेतून तुमच्या डोळ्यात शिरे. बटण दाबलं, की आरसा 'खटॅक' करून वर उचलला जाई, फिल्मवर प्रकाश पडे आणि आरसा पुन्हा खाली. आजोबांना तो आवाज विचारा, ते तोंडानं काढून दाखवतील! फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मि.मी.ची. तेवढ्या चौकटीसाठी आरसा हवा आणि तो वर जाताना लेन्सच्या पाठीला धडकता कामा नये. म्हणून मध्ये चांगली चार-साडेचार सेंटीमीटर जागा सोडावीच लागे.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. फिल्मच्या जागी सेन्सर आला होताच. त्यावर पडलेलं चित्र सरळ मागच्या पडद्यावर दाखवता येतं म्हटल्यावर आरसा हवा कशाला? २००८ साली पॅनासॉनिकचा 'ल्युमिक्स जी-१' बाजारात आला आणि ही नवी जात फोफावली. २०१० मध्ये सोनीनं ई-माउंट आणलं, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन हे दोघे बडेही आपापली नवी माउंट घेऊन उतरले. आरसा गेला, त्याची जागा मोकळी झाली, कॅमेरे उथळ झाले. सोनी ई-माउंटची खोली १८ मि.मी., निकॉन झेडची १६, कॅनन आरएफची २०.

आता वजाबाकी करा. हेलिओसला हवेत ४५.४६ मि.मी. सोनी कॅमेऱ्यात आहेत १८. उरले किती? २७.४६ मि.मी. बस्स, तेवढ्या जाडीचं कडं! एका बाजूला ४२ मि.मी.चे आटे, दुसऱ्या बाजूला सोनीची बैठक आणि मध्ये निव्वळ हवा. पूर्वी आरसा जिथं हलायचा, ती रिकामी जागा हे कडं परत आणून देतं. लेन्सला पत्ताही लागत नाही, की आपण झेनिटवर नाही म्हणून.

उणे आलं तर?

"मग काकांच्या निकॉन डीएसएलआरवर का नाही बसवायची?" असं कुणीतरी विचारणारच. डीएसएलआर म्हणजे सेन्सर आहे, पण आरसाही आहे. त्याची खोली ४६.५ मि.मी. हेलिओसला हवेत ४५.४६. वजाबाकी केली तर उत्तर येतं उणे १.०४! उणे जाडीचं कडं कुठला लोहार घडवणार? कडं कितीही पातळ केलं, तरी लेन्स हवी त्यापेक्षा निदान एक मिलिमीटर पुढंच राहते.

एका मिलिमीटरनं काय होतं? दहावीच्या विज्ञानात भिंगाचं सूत्र आहे, त्यात आकडे घालून बघा. ५८ मि.मी.ची लेन्स १.०४ मि.मी. पुढं राहिली, तर तिला जास्तीत जास्त ३.३ मीटरपर्यंतच रेखीव दिसतं. वर्गात मास्तरांच्या टेबलापासून पहिल्या-दुसऱ्या बाकापर्यंत ठीक, पण मागच्या बाकावरची मंडळी धुक्यात! खिडकीबाहेरचं झाड तर विसराच. अशा जोडीसाठी भिंग घातलेली कडी मिळतात. पण स्वस्तातलं जादा भिंग चांगल्या लेन्सच्या चित्राची माती करतं. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका.

हाच हिशेब मिररलेसवरच्या कड्यालाही लागू आहे. कडं नुसतं ०.१ मि.मी. जाड निघालं, तरी हेलिओसची नजर ३३-३४ मीटरच्या आसपास अडते. तेवढी जाडी म्हणजे जेमतेम एका कागदाची! म्हणून बरेच कारागीर कडं मुद्दाम केसभर पातळ ठेवतात. मग लेन्सवर 'अनंत' म्हणून जे आडव्या आठासारखं चिन्ह असतं, त्याच्या थोडं आधीच दूरचं झाड रेखीव होतं. घाबरू नका, लेन्स बिघडलेली नाही. चिन्हावर भरवसा न ठेवता पडद्यावर बघून फोकस करायचा, झालं.

कडं बसवताना जोर लावायचा नाही, हे मात्र पाठ करून ठेवा. दोन्ही बाजू हलक्या हातानं बसल्या पाहिजेत. नव्या कड्यात कधी धातूचा बारीक कीस असतो, तो सेन्सरवर गेला तर नसता ताप. म्हणून कडं आधी रबरी फुग्याच्या पंपानं फुंकून घ्या. आणि लेन्सची पाठ बघा. हेलिओससारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स सहसा बिनधोक असतात. पण ज्या कॅमेऱ्यांत मुळातच लेन्समागं आरसा नव्हता, त्यांच्या काही लेन्स मागच्या बाजूनं खूप आत घुसतात. रशियन 'ज्युपिटर-१२' ही त्यातलीच. तिचं मागचं भिंग बाहेर आलेल्या डोळ्यासारखं दिसतं. अशी लेन्स कॅमेऱ्याच्या आतल्या भागाला टेकली, तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. तुमच्या कॅमेऱ्यावर ती चालते अशी खात्री झाल्याशिवाय प्रयोग नको.

लेन्स बसली. कॅमेरा सुरू केला, तर तो म्हणतो, 'लेन्स नाही'! त्याचं खरंच आहे. नवी लेन्स पितळी टिकल्यांमधून कॅमेऱ्याशी बोलते, आपली हेलिओस बिचारी मुकी. मेनूमध्ये 'लेन्स नसताना शटर चालू द्या' अशा अर्थाची एक सोय असते, ती चालू करा आणि कॅमेऱ्याची चकती 'ए' किंवा 'एम'वर ठेवा. बाकीचं काम तुमच्या बोटांचं.

लेन्सवरच्या एका चकतीनं आतलं भोक लहानमोठं होतं. तिच्यावर २, २.८, ४, ५.६ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं भोक मोठं. का? ५८ला २नं भागा: २९ मि.मी. ५८ला ५.६नं भागा: दहाच्या थोडं वर. हे आकडे म्हणजे भागाकारातले छेद आहेत, एवढंच त्यातलं गूढ. २ वर जितका प्रकाश आत येतो, त्याच्या आठवा हिस्साच ५.६ वर येतो. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी झूमलेन्स पुढं ओढली, की बहुधा ५.६च्या आसपासच अडते. त्यामुळं पणत्यांच्या उजेडात आजीचा चेहरा टिपायचा असेल, तर माळ्यावरची लेन्स नवीपेक्षा सरस ठरते.

आधी भोक पूर्ण उघडा, फोकस करा, मग हवं तेवढं मिटवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा मधला भाग मोठा करून बघता येतो किंवा रेखीव झालेल्या कडा रंगीत चमकतात. त्याची फार मदत होते. पूर्वी आरशाच्या कॅमेऱ्यात भोक मिटवलं की डोळ्यापुढं अंधार येई. आता इलेक्ट्रॉनिक पडदा आपणहून उजळतो. म्हणजे ह्या बाबतीत जुनी लेन्स नव्या घरी जास्त सुखात आहे!

आणि हेलिओसची खासियत सांगायची राहिलीच. भोक पूर्ण उघडं ठेवून कुणाला तरी झाडीसमोर उभं करा. चेहरा रेखीव येतो, पण मागची पानं चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखी गरगर फिरल्यासारखी दिसतात. खरं म्हणजे हा लेन्सचा दोष. १९३०च्या दशकातल्या जर्मन 'बायोटार' लेन्सच्या नमुन्यावर ती बेतलेली आहे. आजचे कारखाने असे दोष काढून टाकतात आणि लोक तेच शोधत जुन्या बाजारात हिंडतात. आहे की नाही मजा?

एक फरक मात्र ध्यानात असू द्या. लेन्स गोल चित्र पाडते आणि सेन्सर त्यातला चौकोन कापून घेतो, जसा शंकरपाळ्याचा तुकडा पोळीतून. पुष्कळ कॅमेऱ्यांत हा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान असतो. मग कडेचा भाग वाया जातो आणि ५८ची लेन्स ८७ मि.मी.सारखी वागते. एकेका माणसाच्या फोटोला छान, पण घरातल्या सगळ्यांना एका चौकटीत बसवायचं तर पाठीमागची भिंत आडवी येते.

शाळेच्या क्रीडामहोत्सवाला ही लेन्स नेऊ नका. धावणारा खो-खोपटू तुमचं फोकस होईपर्यंत खांबाला वळसा घालून गेलेला असेल. उन्हाकडे तोंड केलं की चित्र फिकटही पडतं. अशा कामाला नवी लेन्सच हवी.

आई-बाबांसाठी चार गोष्टी

साधं कडं बहुधा हजार-दोन हजार रुपयांत मिळतं. पण घेताना लेन्सचं माउंट आणि कॅमेऱ्याचं माउंट, दोन्ही नावं नीट लिहून न्या. 'निकॉनचं द्या' एवढ्यानं भागत नाही, निकॉनची जुनी-नवी माउंट वेगळी आहेत. निकॉननं २०१८ साली जुन्या लेन्ससाठी 'एफटीझेड' नावाचं विजेच्या टिकल्यांचं कडं काढलं, कॅननचंही तसं आहे. त्यांच्यामुळं बऱ्याच ऑटोफोकस लेन्स नव्या कॅमेऱ्याशी बोलू शकतात, मात्र किंमत अर्थातच जास्त.

घरी जुनी लेन्स नसेल, तर मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार आहे. तिथं लेन्स खिडकीकडे धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्याची, विशेषतः कोकणातल्या दमट हवेची, ही देणगी. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी नको. चांगली लेन्स कातडी पिशवीत ठेवू नका, कातडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि घरातला कॅमेरा 'आग्फा क्लिक थ्री'सारखा पेटीवजा असेल, तर उगाच पिळू नका. त्याची लेन्स निघण्यासाठी केलेलीच नाही.

आणखी एक. १९६०-७०च्या दशकांतल्या काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या ५० मि.मी. १.४ सुपर-टाकुमारच्या काही नगांत, थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. अशी काच वर्षांनुवर्षांनी पिवळट पडते, हीच तिची एक खूण. कॅमेऱ्याला लावून फोटो काढण्यात भिण्यासारखं काही नाही. मात्र ती फोडायची नाही, घासायची नाही आणि लहानग्यांना खेळायला द्यायची नाही. हेलिओस-४४ ह्या यादीत येत नाही.

कॅमेरा मुक्या लेन्सचे आकडे फोटोबरोबर नोंदवत नाही. तेव्हा एक छोटी वही करा. फोटो कितवा, भोक किती, अंतर किती. आठ-दहा फोटोंनंतर वही चाळलीत तर कुठल्या आकड्याला काय होतं ते आपोआप कळायला लागेल.

आणि जाता जाता दोन गणितं. ऑलिंपस ओएमची लेन्स फुजीच्या एक्स-माउंटवर बसवायची आहे. फुजीची खोली १७.७ मि.मी. तर कडं किती जाडीचं हवं? आणि दुसरं: सोनी ई-माउंटची लेन्स आजोबांच्या झेनिटवर बसवता येईल का?

(उत्तरे: १. २८.३ मि.मी. २. नाही. १८ वजा ४५.४६, उत्तर उणे येतं!)